चेहरा पुन्हा कसा उभा करतात?

आज आपण चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणी हसतील. टीव्हीवर चेहऱ्याची शस्त्रक्रिया म्हटली की नटीचं फेसलिफ्ट आठवतं. सुरकुत्या ओढून घ्यायच्या आणि वय लपवायचं. आपल्याला त्याचं काय?

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात चेहऱ्याची शस्त्रक्रिया वेगळ्याच कारणानं लागते. मोहफुलं वेचताना अस्वलानं ओरबाडलं, चुलीपाशी पदरानं पेट घेतला, मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला. अशा वेळी नाक, पापणी, ओठ, गाल नव्यानं उभे करावे लागतात. हे काम करणाऱ्या डॉक्टरांना प्लास्टिक सर्जन म्हणतात. नटीचं फेसलिफ्ट करणारे आणि अस्वलानं फाडलेला गाल जोडणारे डॉक्टर एकाच विद्येचे. यात प्लास्टिक कुठंही चिकटवत नाहीत. ‘प्लास्टिक’ हा शब्द इथं ‘आकार देणे’ या जुन्या ग्रीक अर्थानं आला आहे.

गावागावांत बचत गटाच्या बैठकीला गेलो की आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येतं, “जीव वाचला ना, मग झालं.” जीव वाचला ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या बाईचा डोळा मिटत नाही, ओठातून पाणी गळतं, ती पदर ओढून मागच्या रांगेत बसते आणि हळूहळू बैठकीला येणंच सोडते. पहिले टाके पडले म्हणजे उपचार संपला, असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं किंवा तिनंच तसं धरून घेतलेलं असतं. बऱ्याचदा पुढचा उपचार शिल्लक असतो. तो कोणता, हे आपल्याला कळलं तर आपण तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन विचारू शकतो.

अस्वल तोंडावरच का येतं?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा ती आपल्याला हवी असतात आणि अस्वलालाही. दोघंही पहाटे एकाच झाडाखाली पोचतात. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही. खाली वाकून वेचणारी बाई एकदम जवळ दिसली की ते घाबरतं आणि मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या लांब नखांनी मारतं. तो मार डोकं आणि चेहऱ्यावर बसतो. म्हणून उजाडल्यावरच जावं, एकटीनं जाऊ नये, बोलत-आवाज करत जावं. अस्वल अंगावर आलंच आणि सुटायला जागा नसली, तर पालथं पडून तोंड जमिनीकडे करावं आणि दोन्ही हात मानेमागे घट्ट धरावेत. चेहरा आणि मान वाचवायची आहे, हे लक्षात ठेवावं.

जखम झालीच, तर पहिला तास महत्त्वाचा. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. बाईला उताणं झोपवू नका; पुढं वाकवून बसवा किंवा कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त श्वासनळीत जाणार नाही. १०८ ला फोन करा. जंगली प्राण्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, म्हणून रक्त आटोक्यात आलं की जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. डोळा फुटला असेल तर त्यावर दाबू नका, नुसता झाका. हळद, चुना, तंबाखू, पाल्याचा रस यांतलं काहीही जखमेत भरू नका. लोंबणारं कातडं कापून टाकू नका, जागेवर ठेवून ओल्या स्वच्छ कापडानं झाका. नाकाचा किंवा कानाचा तुकडा सुटून पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात ठेवू नका. वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

चेहऱ्याचे थर

शस्त्रक्रियांची तुलना करायची तर आधी चेहरा कशाचा बनला आहे ते पाहू. गोधडी डोळ्यांसमोर आणा. वर चांगलं कापड, आत चिंध्यांचे थर, खाली अस्तर आणि सगळ्यांना धरून ठेवणारी शिवण. चेहऱ्यातही वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग स्नायूंना धरून असलेला एक चिवट पडदा, त्याखाली स्नायू आणि शेवटी हाड. गालातून एक नस जाते. कानाच्या खालून निघून ती पाच फांद्यांत पसरते. डोळा मिटणं, हसणं, ओठ आवळणं हे सगळं ती करते. याशिवाय लाळेची नळी आहे, डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी आहे.

डॉक्टर जखम पाहतात तेव्हा यातला कोणता थर फाटला आणि कोणता नाहीसा झाला, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. पद्धत त्याच उत्तरावर ठरते.

पहिली पद्धत : टाके

सगळे थर फाटले आहेत, पण हरवलेलं काही नाही, तर ते थरानं थर शिवायचे. आतला स्नायू स्नायूला, वरची कातडी कातडीला. नुसती वरची कातडी ओढून शिवली तर गोधडीचं अस्तर आत फाटकंच राहतं आणि नंतर तिथं खड्डा पडतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे काळंनिळं दिसणारं कातडंही बऱ्याचदा जगतं. म्हणून जाणकार सर्जन चेहऱ्यावरचं फार कमी कापून टाकतात. प्राण्याच्या जखमेत आधी भरपूर धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस आणि जखमेत रेबीजविरोधी सीरम, आणि मग टाके, असा क्रम असतो. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात.

टाक्यांची मर्यादा एकच. जिथं कातडी शिल्लकच नाही तिथं ते चालत नाहीत. जबरदस्तीनं ओढून शिवलं तर खालची पापणी खाली खेचली जाते, ओठ एका बाजूला जातो.

दुसरी पद्धत : ग्राफ्ट, म्हणजे कातडीची रोवणी

कातडी नाहीशी झाली, पण खाली रक्त असलेलं मांस आहे, तर दुसरीकडची कातडी आणून लावतात. याला ग्राफ्ट म्हणतात. ही आपली धानाची रोवणीच समजा. पऱ्हे उपटले की मूळ जागेशी त्यांचा संबंध संपतो. नव्या बांधीतल्या चिखलात ओल असेल तर ते रुजतात, कोरड्या दगडावर रुजत नाहीत. ग्राफ्टही उघड्या हाडावर रुजत नाही. पहिले पाच दिवस ते हलू नये म्हणून घट्ट पट्टी बांधतात. ती पट्टी घरी सोडून पाहायची नाही.

यातही दोन प्रकार आहेत. मांडीवरून कांद्याच्या सालीसारखी पातळ कातडी काढतात. ती मोठी मिळते, लवकर रुजते आणि मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरते. पण पातळ ग्राफ्ट पुढं आकसतं आणि त्याचा रंग चेहऱ्याला जुळत नाही. दुसरा प्रकार पूर्ण जाडीच्या कातडीचा. ती कानामागून किंवा गळ्याच्या हाडाच्या वरून घेतात. तुकडा लहानच मिळतो, पण रंग जुळतो आणि आकसणं कमी. म्हणून पापणीसाठी बहुधा हा प्रकार वापरतात.

तिसरी पद्धत : फ्लॅप, म्हणजे दाबकलम

नाकाचा शेंडा गेला, आतलं हाड किंवा कूर्चा उघडी पडली, तर ग्राफ्ट पुरत नाही. तिथं जाड कातडी लागते, तीही स्वतःचं रक्त घेऊन येणारी. मोगऱ्याचं दाबकलम आपण करतो. फांदी तोडत नाही. वाकवून मातीत दाबतो, तिला मुळं फुटली की मगच मूळ झाडापासून वेगळी करतो. फ्लॅप अगदी तसाच. शेजारची कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून वळवतात आणि खड्ड्यावर बसवतात. नाकासाठी कपाळाची कातडी खाली वळवतात. सुमारे तीन आठवडे दोन भुवयांच्या मधून एक कातडीची पट्टी लोंबत राहते. नव्या जागी रक्त सुरू झालं की ती कापतात. हे तीन आठवडे दिसायला विचित्र असतात. घरच्यांना आधी सांगितलं नसेल तर ते घाबरतात.

या पद्धतीचा जगभर गाजलेला दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या कारागिरानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये तिची हकिकत छापून आली. कारागिरानं मेणाचं नाक बनवून त्याचं माप कपाळावर आखलं होतं. कातडी चिकटून राहावी म्हणून त्यानं कात वापरला. आपल्या जंगलातल्या खैरापासून निघतो तोच कात. नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापली. ती हकिकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करण्याची रीत सांगितलेली आहे. आज भूल आहे, निर्जंतुक साहित्य आहे, पण कपाळाचा फ्लॅप नाकासाठी अजूनही पहिल्या पसंतीचा आहे.

चौथी पद्धत : लांबचा फ्लॅप

गालाचा मोठा भाग गेला आणि शेजारी पुरेशी कातडी नाही, तर हाताच्या किंवा मांडीच्या कातडीचा जाड तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. शस्त्रक्रिया अनेक तास चालते, पुढचे दोन-तीन दिवस दर तासाला तुकड्याचा रंग पाहावा लागतो. हे काम मोठ्या रुग्णालयातच होतं.

आता चारही पद्धती शेजारी ठेवून पाहा. टाके सगळ्यांत सोपे, पण हरवलेलं भरून देत नाहीत. ग्राफ्ट पातळ आहे, आकसतं, पण एका शस्त्रक्रियेत मोठी जागा झाकतं. शेजारच्या फ्लॅपचा रंग आणि जाडी छान जुळते, पण दोन-तीन वेळा टेबलावर जावं लागतं आणि कपाळावर किंवा गालावर नवा व्रण येतो. लांबचा फ्लॅप सगळ्यांत मोठं काम करतो, पण अवघडही तोच. एकाच बाईच्या चेहऱ्यावर यांतल्या तीन पद्धती लागू शकतात. हाड मोडलं असेल तर त्याला आधी पट्ट्या-स्क्रूनं बसवतात, कातडीचं काम त्यानंतर.

मग फेसलिफ्ट काय असतं?

वयानं सैल झालेला चेहरा वर ओढणं म्हणजे फेसलिफ्ट. कानाच्या पुढून-मागून चीर देतात. त्याच्याही तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत फक्त कातडी ओढून जादाची कापतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच करायचे. कातडी ताणते, त्यामुळे परिणाम लवकर सैल पडतो आणि चेहरा ओढलेला दिसतो. दुसरीत तो मघाशी सांगितलेला चिवट पडदा ओढून शिवतात आणि कातडी त्यावर ताण न देता पसरतात. फ्रान्समधल्या मित्झ आणि पेरोनी या डॉक्टरांनी १९७६ मध्ये या पडद्याची नीट ओळख करून दिली. तिसऱ्या तऱ्हेत पडद्याच्याही खालून जाऊन गालाचं मांस एकत्र उचलतात. तिथं चेहऱ्याच्या नसेच्या अगदी जवळून काम करावं लागतं, म्हणून हात फार सरावलेला लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत सरस कोणती, यावर सर्जनांमध्ये आजही वाद आहे. अनुभवी डॉक्टरच्या हातून दोन्ही चांगल्या होतात. रक्ताची गाठ साचणं, नस दुखावणं, कानापुढची कातडी मरणं हे धोके तिन्हींत आहेत.

हे आपण ऐकायचं कारण असं की हीच तऱ्हा आपल्याकडच्या जखमी बाईच्या कामी येते. अस्वलाच्या नखानं गालातली नस तुटली तर अर्धा चेहरा लोंबतो. तोंडाचा कोपरा खाली येतो, डोळा उघडा राहतो. नस तुटल्याचं वेळीच ओळखलं तर पहिल्या तीन दिवसांत ती जोडणं सगळ्यांत चांगलं. ती वेळ गेली तर मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून तोंडाच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत ताणून बांधतात आणि सैल कातडी फेसलिफ्टसारखीच वर घेतात. डोळा मिटावा म्हणून वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅमचं सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं वजन बसवतात. तोपर्यंत डोळ्यात थेंब घालणं, रात्री मलम लावून पट्टीनं डोळा बंद करणं चुकवू नये. उघडा डोळा कोरडा पडला तर बुबुळावर फूल पडतं आणि नजर जाते.

थांबायचं कधी, घाई कधी?

नस, पापणी, उघडं हाड यांना घाई हवी. व्रण सुधारण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात, कारण ताजा व्रण लाल, कडक आणि आकसणारा असतो. तो मऊ होऊ द्यावा लागतो. याचा अर्थ ‘आता काही होणार नाही’ असा घेऊ नका. परत येण्याची तारीख कागदावर लिहून मागा. मधल्या काळात जखम पूर्ण भरल्यावर तेलानं हलकी मालीश करा आणि उन्हात जाताना चेहरा झाका, नाहीतर व्रण काळा पडतो.

आणि खर्ऱ्याबद्दल बोलायलाच हवं. तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ग्राफ्ट असो, फ्लॅप असो, नाहीतर नटीचं फेसलिफ्ट असो, रक्त पोचलं नाही तर कातडी काळी पडून मरते. खर्रा चघळला, बिडी ओढली, तंबाखूची मिश्री लावली, तरी निकोटीन रक्तात जातंच. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे हे सगळं बंद हवं.

कुठं जायचं, पैसा कुठून?

आधी जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. भामरागडच्या बाजूला हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यानं अस्वलानं फाडलेले रुग्ण अनेक वर्षं पाहिले आहेत. प्लास्टिक सर्जरीचा विभाग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये आहे. चिठ्ठीवर ‘प्लास्टिक सर्जरी विभागाकडे’ असं स्पष्ट लिहून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या आणि चेहरा दुरुस्तीच्या काही शस्त्रक्रिया बसतात. सुंदर दिसण्यासाठीचं फेसलिफ्ट बसत नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८ आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यासाठी वनविभागाची मदत वेगळी मिळते. २०२३ मध्ये वाढवलेल्या दरानुसार गंभीर जखमेला ५ लाख आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख रुपये आहेत. त्यासाठी वनरक्षकाला उशीर न करता कळवणं, पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डोळा मिटत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही, हे दाखल्यात लिहिलं गेलं पाहिजे. दाखल्यात नुसतं ‘चेहऱ्याला जखम’ असं असेल तर बाईचं नुकसान होतं.

गटानं काय करावं?

जखमी बाईबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जावी आणि तिनं डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. कोणता थर गेला आहे? तुम्ही टाके, ग्राफ्ट की फ्लॅप करणार, आणि तेच का? एकूण किती वेळा शस्त्रक्रिया लागेल? नस आणि लाळेची नळी तपासली का? पुढची तारीख कोणती? उत्तरं वहीत लिहावीत. सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत, पहिल्या दिवसाचा फोटोही. नागपूरला जाण्या-येण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून कसा भागवायचा, हे ग्रामसंघाच्या बैठकीत हंगामाआधीच ठरवून ठेवता येतं.

मैत्रिणींनो, कोणतीही शस्त्रक्रिया चेहरा पहिल्यासारखा करून देत नाही, हे आपण तिला खरं सांगू. पण डोळा मिटू शकतो, ओठातून पेज सांडणं थांबू शकतं, नाकानं श्वास घेता येऊ शकतो, आणि व्रण पुष्कळ फिका होतो. जुनी जखम असली तरी चालते. दहा वर्षांपूर्वी आकसलेली पापणीसुद्धा सोडवता येते. तुमच्या गावात अशी कुणी ताई, वहिनी किंवा काकू असेल, तर तिच्या घरी जा, हे सगळं तिला सांगा आणि पुढच्या बैठकीत तिला सोबत घेऊन या.